कादंबरीची सावड

१ जुलै १९६८, जळगाव

आजपासून रोजनिशी. सध्या मराठीत. दिवाळीपासून इंग्रजीत लिहीन, तोवर हात बसेल.

मागच्या वर्षी इंग्रजीत नापास झालो त्यात माझी काही चूक नव्हती. गाईड तोंडपाठ होतं. पेपरात प्रश्नच गाईडाबाहेरचे आले. याला परीक्षा म्हणत नाहीत, दगाबाजी म्हणतात. सुट्टीत आबांना हे नीट समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "यंदा पास व्हयना ते ठीक. नहीतं बैलं वाट देखी ऱ्हायनात." पास झालो तर ठीक, नाहीतर औत धरायचं. वडील असून हे बोलणं.

गावातून कॉलेजात आलेला मी पहिला. भडगावच्या स्टँडवर उतरलो की आमच्या गावची माणसं मला सायेब म्हणतात. धनसिंगसायेब. बैलांमागे चालणाऱ्या माणसाला कोणी सायेब म्हणत नाही. तेव्हा यंदा पास. रोज दहा पानं इंग्रजी. ठरलं.

४ जुलै

युनिव्हर्सिटीने नेमलेली कादंबरी बदलली! मागच्या वर्षीचं गाईड मी जपून ठेवलं होतं, पाठही होतं, सगळं वाया. नव्या कादंबरीचं गाईड फेब्रुवारीच्या आत येत नाही म्हणे. पाठीत सुरा.

नवी कादंबरी विकत घेतली. कव्हरवर कुंपण, किटली आणि एक वयस्क मडम.

७ जुलै

सकाळी सहाला वाचायला बसलो. पहिलं पान. डिक्शनरी शेजारी. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या शब्दांचे अर्थ कळले, पानाचा कळला नाही.

लायब्ररीत जाऊन जुनी इंग्रजी पुस्तकं उघडून पाहिली. सगळ्यांची पहिली सहा पानं पेन्सिलीने काळी, पुढची कोरी करकरीत. म्हणजे या कॉलेजातले भले भले सहाव्या पानापर्यंत पोचले. मी पहिल्याच आठवड्यात दुसऱ्यावर आहे. वाईट नाही.

१२ जुलै

कादंबरी काखेत, नाव बाहेरच्या बाजूला, अशी एसटी स्टँडपर्यंत चक्कर मारली. एका म्हाताऱ्याने विचारलं, डॉक्टर का? इंग्रजी पुस्तकाचा निम्मा फायदा न वाचताच होतो. हे आमच्या प्रोफेसरांना कोण सांगणार?

१५ जुलै

सुचलं! आंघोळ करताना सुचलं.

आमच्याकडे पेरणीला सावड करतात. आज सगळ्यांचे बैल माझ्या शेतात, उद्या तुझ्या. एकट्याला जे काम महिनाभर पुरतं ते चार दिवसांत उरकतं. मग कादंबरीची सावड का नको? प्रकरणं पंचवीस. माणसं पाच. प्रत्येकाने पाच वाचायची आणि बाकीच्यांना आपल्या भाषेत सांगायची. गाव करी ते राव न करी.

माणसं निवडली. माझ्या गावचा आणि माझ्याच खोलीत राहणारा वना. इथल्या कापडदुकानदाराचा मुलगा भंवरलाल. दर शनिवारी धुळ्याला घरी पळणारा नथ्थू. आणि साक्रीकडचा निंबा. निंबाबद्दल मन साशंक आहे. फार हळू बोलतो, तुरीच्या डाळीसारखा शिजतच राहतो. पण पाचवा कोणी मिळेना.

पुस्तक एक आणि माणसं पाच, म्हणून माझीच प्रत ब्लेडने कापून पाच वाटे केले. प्रत्येक वाटा सुतळीने बांधला. मुकादम म्हणून शेवटची पाच प्रकरणं मी घेतली. शेवट ही जोखमीची गोष्ट, ती कोणावर सोपवता येत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

पहिली बैठक आमच्या खोलीवर. चहा माझा.

वनाने सुरुवात काय सांगितली! मिसेस अल्डरटन नावाची विधवा मडम. शेजारी मिस्टर कॉब. कॉबने दोघांच्या मधला बांध हळूहळू कोरला आणि हातभर जमीन ढापली. मडम विळा घेऊन बांधावर उभी राहते. सांगताना वनाचे डोळे लाल. जणू त्याचाच बांध कोरला होता. त्याच्या चुलत्याशी तसं चालू आहेच म्हणा. मी विचारलं, विळ्याला इंग्रजीत काय लिहिलंय? म्हणाला, "तठे बी इळाच शे."

विलायतेत बांधाची भांडणं असतील असं वाटलं नव्हतं. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

१ सप्टेंबर, रविवार

भंवरलालची पाच प्रकरणं. मडम भांडणाला कंटाळून धर्माकडे वळते. आठ दिवसांचा उपास धरते, फक्त उकळलेलं पाणी. सहाव्या दिवशी घेरी येते, पण सोडत नाही. नवव्या दिवशी बँड लावून मिरवणूक निघते आणि आलेल्यांना स्टीलची वाटी वाटतात.

योगायोग पाहा. भंवरलालच्या आईने, तारादेवींनी, मागच्याच आठवड्यात अशीच अठाई केली. आम्हालाही वाटी मिळाली. मी म्हटलं, अरे, ख्रिश्चन लोकांत असं असतं? भंवरलाल म्हणाला, "तपस्या सगळीकडे सारखीच, भाऊ." खरं आहे. सरांनी हे वर्गात सांगितलं नाही. सरांना माहीत तरी असेल का?

१५ सप्टेंबर, रविवार

आज मनस्ताप.

निंबाची पाळी. आधी घसा साफ करायलाच वेळ. मग सांगतो, मिस्टर कॉब दर गुरुवारी मडमकडे चहाला येतो. वर्षानुवर्षं येतो. पावसाबद्दल बोलतो, गुलाबांबद्दल बोलतो. जे बोलायला आलेला असतो ते बोलत नाही. तिलाही ते माहीत असतं, पण तीही बोलत नाही. शेवटी एका गुरुवारी तो उठतो, जातो आणि छत्री विसरतो. मडम छत्री परत पाठवत नाही. दारामागच्या खुंटीला टांगून ठेवते.

आम्ही थांबलो. मग? निंबा म्हणाला, "मंग काहीच नही."

पाच प्रकरणं आणि काहीच नाही! मी विचारलं, बांधाचं काय झालं? म्हणे, "बांध नही भो तठे. कुंपन शे, त्याले गुलाब लागेल शेतस." उपास? "ती बाई ते बिस्किट खास." उपासाची बाई बिस्किटं खाते म्हणे! म्हणजे वना खोटा, भंवरलाल खोटा, आणि हा एकटा हरिश्चंद्र! मी वना आणि भंवरलालकडे पाहिलं. दोघेही बिचारे खाली मान घालून बसले होते. अपमान झाला होता त्यांचा.

वर छत्रीचं सांगताना निंबाच्या डोळ्यांत पाणी. थाप पकडली गेली की येतं तसं. मी तिथेच त्याला सावडीतून काढून टाकलं. ज्याला मी पाचवा म्हणून जागा दिली त्याने असं करावं! रात्री जेवण गेलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

नथ्थूने अब्रू राखली. कॉबला एक जुळा भाऊ असतो, लहानपणी जत्रेत हरवलेला. दंडावर डाग. चालत्या गाडीच्या टपावर गुंडांशी मारामारी, आणि पुलावर गाणं. कादंबरीत गाणं कसं असेल असं मनात आलं होतं. पण नथ्थू दर शनिवारी धुळ्याच्या टॉकीजमध्ये जातो, त्याला या गोष्टींची जाण आहे.

निंबाची प्रकरणं मी नथ्थूला वगळायला सांगितली होती. त्याने दहाव्यावरून थेट सोळावं जोडलं आणि सांधा कुठे दिसला नाही. निंबाचा वाटा किती बिनकामाचा होता हे यावरून कळतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

माझी पाच प्रकरणं. मी सखोल वाचली. म्हणजे प्रत्येकाचं पहिलं वाक्य आणि शेवटचं. मधलं अनुभवी माणसाला कळतं. आणि आधीची वीस, म्हणजे पंधरा, ऐकल्यावर शेवट काय होणार हे स्पष्टच होतं. पंच बसतात. बांध दोरी लावून सरळ करतात. जुळा भाऊ साक्ष देतो. कॉब मडमची माफी मागतो आणि तिच्याशी पाट लावतो. विधवेचा पाट आपल्याकडे रात्री, अंधारात, गुपचूप लावतात. मी दिवसा वाजतगाजत लावला. म्हणजे लेखकाने लावला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सावड पुरी. संबंध इंग्रजी कादंबरी तीन महिन्यांत!

२५ ऑक्टोबर, गावी

दिवाळी. वनाने पारावर कादंबरी सांगितली. सगळा गाव गोळा. बांधाच्या ठिकाणी लोक उठून उभे राहिले. उपासाच्या ठिकाणी आईने पदर डोळ्यांना लावला. शेवट मी स्वतः सांगितला. आबा कधी माझ्याशी शिक्षणाबद्दल बोलत नाहीत. तेही घरी येताना म्हणाले, "तो कॉब मानूस वाईट नव्हता."

लोकांनी सायेब म्हटलं. आज ते शोभलं.

१० नोव्हेंबर

निंबा सगळ्यांकडे फिरून कादंबरीचे वाटे मागतो आहे. वनाने दिला. भंवरलालचा दुकानात पुड्यांच्या रद्दीत निघाला, तोही दिला. नथ्थूने दिला. माझं वाचून झालेलंच होतं, मीही दिला. सुतळीसकट. गरीब बिचारा.

इंग्रजी रोजनिशी नव्या वर्षापासून.

१७ जानेवारी १९६९

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा.

वर्गात सरांनी विचारलं, नेमलेली कादंबरी कोणी पूर्ण वाचली? कोणी हलेना. मी उठलो. बांधापासून पाटापर्यंत सांगितली. सर मध्येच खुर्चीत बसले. चष्मा काढून डोळे पुसले. पुण्याचा माणूस, पण भारावला. शेवटी म्हणाले, धनसिंग, युनिव्हर्सिटीने नेमलीय त्यापेक्षा ही फार चांगली कादंबरी आहे. वर्ग आनंदाने हसत सुटला.

माझ्या यशाने वना, भंवरलाल, नथ्थू पांढरे पडले होते.  निंबा तेवढा हसला नाही, खाली बघत बसला. मत्सर वाईट.

९ फेब्रुवारी, धुळे

गाईड आधी धुळ्यात आलं म्हणून नथ्थूबरोबर आलो. विकत घेऊन स्टँडवरच वाचलं आणि हसू आवरेना. गाईड लिहिणाऱ्याने कादंबरी वाचलेलीच नाही! बांध नाही. उपास नाही. जुळा भाऊ नाही. नुसता चहा, गुलाब आणि ती छत्री.

छत्री! आता निंबाचं कोडं सुटलं. त्याने या गाईडातून चोरलं होतं. गाईड आत्ता आलं आणि निंबाने सप्टेंबरात सांगितलं, ही एक अडचण आहे. पण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

नथ्थूला गाईड दाखवलं. त्याने पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, हे मला दे, मी रद्दीत टाकतो. दिलं. एसटीत शेजारच्या सीटवर तो गाईडच उघडून बसला होता. चुका काढत असेल.

९ मार्च

दोन-तीन आठवडे पाहतो आहे. संध्याकाळी निंबाच्या खोलीबाहेर वनाच्या, भंवरलालच्या आणि नथ्थूच्या चपला. ढ माणसाला शिकवायला जात असावेत. मोठ्या मनाचे लोक. मला बोलावलं नाही याचं क्षणभर वाईट वाटलं. पण मुकादमाने असल्या कामात पडू नये.

मी उजळणी करत नाही. गरज नाही.

१० एप्रिल, पेपर



कादंबरीवर सगळ्यात मोठा प्रश्न: मिस्टर कॉबची चहाची शेवटची भेट आणि छत्रीचं महत्त्व.

मी पेपर उलटा करून पाहिला. बांधावर काही नाही. पाटावर काही नाही. उजवीकडे पाहिलं, वना मान खाली घालून लिहितोय. पुढे भंवरलालने पुरवणी मागितली. भंवरलालने! नथ्थूचं पेन थांबेना. मी लिहिलं की छत्रीला या कादंबरीत काही महत्त्व नाही, आणि पुढे बांधाची सगळी हकिगत दिली.

बाहेर आल्यावर वनाची कॉलर धरली. तेव्हा सगळं निघालं. तिघांनीही एक ओळ वाचली नव्हती. वनाने चुलत्याचा बांध सांगितला, भंवरलालने आईची अठाई, नथ्थूने धुळ्यातले तीन पिक्चर एकत्र करून. आणि फेब्रुवारीपासून तिघेही निंबाकडून खरी कादंबरी ऐकत बसले. निंबाने सगळे वाटे गोळा करून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. मी, ज्याचं पुस्तक, ज्याचा चहा, ज्याची कल्पना, तो मी चपला मोजत बाहेर!

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? वना म्हणाला, "तू वर्गमा उभा ऱ्हाईसन बठ्ठं सांगी टाकं. सर हसनात. मंग तुले कोन सांगीन?" मी म्हटलं, सर हसले नव्हते, भारावले होते; आणि एका गावचे आपण, एका ताटात जेवलो.  तो उलट मलाच विचारतो, "पन भो, तो पाट? शेवट ते तू वाचेल व्हता ना? आम्हले वाटनं एक तू तरी वाचेल व्हई."

चोराच्या उलट्या बोंबा.  मुख्य मुद्दा विश्वासघाताचा होता.

११ एप्रिल

निंबाकडे गेलो. चार शब्द सुनवायला. त्याला म्हटलं, तुला खरं माहीत होतं तर पटेल असं का नाही सांगितलंस? खरं सांगायचं तर जरा जोर लावून सांगावं. तुझ्या त्या पडेल आवाजामुळे माझं वर्ष गेलं. तो ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "मी तुनी वाट देखी, भो. दारले कडी बी लायी नव्हती."

मग कपाटातून माझी कादंबरी काढून दिली. पाचही वाटे दाभणाने शिवलेले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीचे अर्थ, बारीक अक्षरात. कुठेच कोरं पान नाही.

मी कादंबरी काखेत घेऊन निघालो, नाव आतल्या बाजूला. 

१४ जून, गावी

निकाल. निंबा पास. वना, भंवरलाल, नथ्थू पास. मी इंग्रजीत नापास.

 आबांनी गोठ्याकडे बोट केलं.

२० जून

आता सगळ्यांना दाखवतो. ऑक्टोबरला पुन्हा बसेन. निंबाचे अर्थ आहेतच. रोज दहा पानं.

२३ जून

रोज पाच पानं.

६ जुलै, गावी

आज कादंबरी संपली. खरंच संपली. बांधावर बसून, बैल उभे ठेवून, शेवटचं पान वाचलं.

शेवटच्या पाच प्रकरणांत कोणीही येत नाही. कॉब दुसऱ्या गावी मरतो, तेही तिला उशिरा कळतं. गुरुवारी ती दोन कप मांडते. मग खुंटीवरची छत्री काढते, धूळ पुसते आणि परत टांगते. संपलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. या बाईचा मी दिवसाढवळ्या पाट लावला होता, आणि ती इथे छत्री पुसत बसली होती. कोणी सांगितलं असतं तर लावला नसता. कोणी म्हणजे निंबाने सांगितलं होतं म्हणा, पण त्या आवाजात.

संध्याकाळी पारावर गेलो. वना होता, आज रात्रीच्या गाडीने जळगावला निघालेला. मनात आलं, सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडायचं. म्हटलं, मंडळी, दिवाळीत ऐकली ती कादंबरी खोटी. खरी ऐका. आणि सांगितली. चहा, गुलाब, छत्री, दोन कप. 

 मग आईने विचारलं, "आनि बांध?" म्हटलं, बांध नाही. "उपास?" नाही. "आनि पाट?" पाटही नाही. एक म्हातारे नाना विडी विझवून म्हणाले, "अशी कोठे कादंबरी ऱ्हास का रे पोऱ्या?" मी म्हटलं, अशीच असते. वनाकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी खरं बोल. वनाने मान खाली घातली, सप्टेंबरात घातली होती तशीच.

आबा म्हणाले, "तुले पुस्तक समजनंच नही. म्हनीसन नापास व्हयना."

मग लोक वनाकडे वळले. म्हणाले, वनासायेब, गाडीले टाइम शे, बांध पाईन परत सांगा. वनाने बांधापासून सांगायला घेतली. मी घरी आलो. पाटाची वरात आली तेव्हा पारावरच्या टाळ्या गोठ्यापर्यंत ऐकू आल्या. शेवट माझाच होता.

सकाळी लवकर उठायचं आहे. बैलं आबांनी बांधून ठेवली आहेत.